हलव्याला काटा: या थंडीतली नोंद

मार्गशीर्ष सरताना

निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी आली त्या दिवशी पॉलिशचे तीळ घेऊन आलो. नाशिककरांना एवढं एक सुख आहे: डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि सकाळचं स्वयंपाकघर गारठलेलं. तिळावर साखरेचा पाक चढवत केलेल्या, संक्रांतीच्या काटेरी हलव्याला हेच हवं असतं. बाकी साखर, पाणी, मूठभर तीळ आणि एका जागी बसायची तयारी. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हलवा होत नाही असं नाही, पण तिथे करणाऱ्याला माझा वेगळा नमस्कार.

यंदा निमित्तही आहे. भाच्याचं पहिलं बोरन्हाण. त्याच्या अंगावर घालायचे दागिने घरच्या हलव्याचे करायचे असं बहिणीला बोलून बसलोय, त्यामुळे आता माघार नाही. तयार दागिने बाजारात ढिगाने मिळतात आणि दिसतातही छान. पण यंत्रातला हलवा दाण्याला दाणा सारखा असतो, आणि मला तो वेडावाकडाच आवडतो.

त्याआधी हात गरम करायला डिंकाचे लाडू उरकले. त्यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना येतात. एवढंच सांगतो की डिंक धावड्याचा घ्या, आणि तूप पुरतं तापल्यावर चिमूट-चिमूट सोडून तळा. घाण्यात जास्त पडला तर वरून फुलतो, आत खडा तसाच राहतो आणि मग दातांना कळतं. खारीक पूड थोडी भरड ठेवली की लाडवाला चावायला काहीतरी राहतं. पीठ केलेली खारीक मला औषधासारखी लागते.

पौषाचा पहिला आठवडा: पाक

हलव्याची सगळी मेख पाकात. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, उकळी फुटली की दोन चमचे दूध. दुधाबरोबर मळी वर येते, ती काढायची आणि पाक ओल्या मलमलीतून गाळायचा. लिंबू अजिबात नको. मळी काढायला काही जण पिळतात खरं, पण आंबटामुळे साखरेचे दोन तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग ती दाणेदार बसायला कुरकुर करते. गुलाबजामच्या पाकात तेच हवं असतं. इथे आपल्याला साखर परत दाण्यात यायला हवी, तीही पटकन.

पाक एकतारीच्या जरा अलीकडे थांबवायचा. बोटांत तार येते-न येते तोच गॅस बंद. यंदा थर्मामीटर लावून पाहिला. एकतारीचा आकडा साधारण १०४-१०५ अंश सांगतात, पण तो समुद्रसपाटीचा. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आकड्यातून दोन अंश वजा करायचे. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा धरला तर आपल्याकडे पाक पुढे जातो. मी १०१ ला उतरवला. साखरेच्या पाकाला थर्मामीटर बरा पडतो, गुळाच्या पाकाला मात्र मी तो लावत नाही. गूळ प्रत्येक ढेपेचा निराळा, तिथे पाण्याची वाटीच खरी: थेंब टाकून गोळी वळते का, ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजते का.

गाळलेला पाक गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत घ्यायचा आणि त्यात चमचा ढवळत बसायचं नाही. ढवळला की वाटीतच साखर बसायला लागते.

पहिला हात

जाड बुडाची, कल्हई केलेली पितळी परात. तिच्याखाली तवा, त्याखाली सगळ्यात लहान बर्नर, तोही मंद. पूर्वी शेगडीत निखाऱ्यांवर राख पसरून ही धग साधत. माझी खूण सोपी आहे: परातीत तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे. नाही ठेवता आला तर धग जास्त.

तीळ चाळून, तुटके काढून, नुसते कोमट करायचे. भाजले तर पिवळटपणा येतो आणि तो शेवटपर्यंत आतून दिसत राहतो. मग पाव चमचा पाक आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी गोल फिरवणं, हा झाला एक हात. पंखा बंद. आत्या फोनवरून शिकवते, तिचं म्हणणं: “अरे, चमचा भरून घालू नकोस. तीळ नुसते ओलसर झाले पाहिजेत, भिजले नाही पाहिजेत.” लाख बोलली. पाक जास्त पडला की तिळाचे गठ्ठे होतात, आणि पुढच्या टप्प्यात तर आलेला काटाही विरघळतो.

आधी सगळे दाणे एकमेकांना चिकटून ओल्या वाळूसारखे बोटांखाली सरकतात, आवाज काही नाही. मग सुटे व्हायला लागतात. आणि एका क्षणी परातीवर सळसळ सुरू होते, कोरडी, बारीक. तो आवाज आला की बोटं उचलायची. सुकलेल्या दाण्यांवर हात फिरवत राहिलं तर साखरेची पिठी पडते. ती पिठी परातीच्या तळाशी दिसायला लागली की समजा, एक तर आच जास्त आहे, नाहीतर हात. पिठी चाळून काढायची, परात ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, पुन्हा सुरू. परातीला चिकटलेली साखर तशीच ठेवली तर ती तांबूस होते आणि पुढचा सगळा घाणा मळकट दिसतो.

सुरुवातीला तीळ फक्त पांढरे आणि गुळगुळीत होतात. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो, कारण काट्याचं नाव नसतं. तिळाचा चपटेपणा पुरता झाकला जाईपर्यंत काटा येत नाही, निदान माझ्याकडे तरी कधी आलेला नाही. सकाळी एक बैठक, रात्री जेवणानंतर एक. मध्ये पातळ कापड टाकून परात तशीच.

गणित करून पाहिलं, मजा आली. तिळाचा एक दाणा तीनेक मिलिग्रॅमचा. चाळीस ग्रॅम तीळ घेतले तर ते तेरा हजारांच्या घरात जातात. त्यांवर अर्धा किलो साखर चढली तर दाण्याचं वजन बारा-तेरा पटींनी वाढतं आणि हलवा होतो ज्वारीच्या दाण्याएवढा. म्हणजे एका वाटीच्या हलव्यासाठी तीळ अगदी चमचाभर लागतात. पहिल्यांदा करणारे सगळे वाटीभर तीळ घेतात आणि मग जन्मभर पाक घालत बसतात.

काटा फुटला

मोबाइलला लावायचं भिंग घेतलं होतं, त्यातून पाहिलं. दाण्यावर आधी बारीक उंचवटे येतात. जो भाग उंच तो पाकाला आधी लागतो आणि आधी सुकतो, म्हणून पुढच्या हाताला तो आणखी उंच होतो. खोलगट भागाला वाटा कमीच. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जातं, असा मामला. त्यामुळे या टप्प्यावर पाक थोडासा घट्ट चालतो, पण प्रमाण आणखी कमी. पाव चमच्याच्याही निम्मं म्हणा.

जपानमध्ये कोन्पेइतो नावाची अशीच शिंगं असलेली साखरेची गोळी करतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर साखरेच्या गोळ्या तिकडे गेल्या, त्यातून ती घडली. गरम, तिरप्या, फिरत्या कढईत पाक थोडा-थोडा घालत कारागीर तिला दोन-दोन आठवडे वाढवतात. तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाला ही शिंगं कशी फुटतात याचं मोठं कुतूहल होतं. आपल्याकडे परातीशी बसलेल्या बायकांना ते कुतूहल नसेल असं कोण म्हणेल, पण त्यांनी लिहून ठेवलं नाही, एवढाच फरक. आत्याला मी हे सांगितलं तर म्हणाली, “बरं झालं, आता तुझ्या हलव्याला काटा आला का ते सांग.”

आला. खसखशीवरही आला, पण तो मोहरीएवढा झाला की मी थांबवतो, दागिन्यांच्या बारीक कामाला तेवढाच हवा. साबुदाण्यावर सगळ्यात झटपट येतो, कारण मुळातच दाणा गोल आणि मोठा. हाराच्या मुख्य पदराला तोच वापरणार. मगजबीचा हलवा मात्र मजेशीर झालाय: कडांना काटे आणि पोटाला सपाट. चपटी बी बहुतेक कडेवरच घासत फिरत असणार. मुकुटाच्या पाकळ्यांना ती उत्तम दिसेल. केशराचं पाणी शेवटच्या काही हातांना पाकात घातलं, थोड्याच हलव्यासाठी. बाकी सगळा पांढरा. काळ्या झबल्यावर पांढराच उठून दिसतो.

भोगीच्या आधी: गुळपोळी

गूळ आधी. पोळीला चिक्कीचा गूळ नको, पोळी गार झाल्यावर कडक होते. कोल्हापुरी साधा गूळ घेतो, मध्यम रंगाचा. अगदी पिवळाधमक दिसला की मला शंका येते, कारण रंग उजळायला गुऱ्हाळात हायड्रोस नावाचं रसायन घालतात. उलट काळपट, बिनरसायनी म्हणून मिळणारा गूळ बऱ्याचदा ओलसर असतो आणि पोळीत पाघळतो. तो लाडवांत घालून टाकावा.

दोन वाट्या किसलेला गूळ, पाऊण वाटी भाजलेल्या तिळाचं कूट, पाव वाटी डाळीचं पीठ तेलावर खमंग भाजून, भाजलेली खसखस, थोडं किसून भाजलेलं सुकं खोबरं, वेलची, जायफळ. डाळीच्या पिठात काटकसर करू नये, तव्यावर गुळाला धरून ठेवतं ते तेच. कणकेत थोडा मैदा आणि कडकडीत तेलाचं मोहन.

गुळाचा गोळा आणि कणकेचा गोळा हाताला सारखेच लागले पाहिजेत. गूळ कडक आणि कणीक सैल असली की सारण मध्ये बसून राहतं आणि पोळीला चहूबाजूंनी कोऱ्या कडा. दोन पाऱ्यांमध्ये गुळाची चपटी चकती, कडा दाबून बंद, वर तांदळाची पिठी, आणि लाटणं मधून कडेकडे. गूळ पार काठापर्यंत गेला पाहिजे. आमच्याकडे पोळी उजेडापुढे धरून बघतात: कडेपर्यंत तांबूस दिसली तर पास. तव्यावर उलटताना कडेने गूळ सुटलाच तर लगेच ओल्या फडक्याने तवा पुसून घ्यायचा, नाहीतर पुढच्या पोळीला जळका वास लागतो.

गरम खाऊ नका. हे मी घरात रोज सांगतो आणि रोज कोणीतरी तव्यावरची उचलतं. गार झाली की ती खुसखुशीत होते, आणि वर घट्ट तूप. आठ-दहा दिवस सहज टिकते, टिकू दिली तर.

भोगी

सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, मटार, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, वरून तिळाचं कूट. बोरं शेवटी, नाहीतर फुटून रस्सा आंबट होतो. बाजरीच्या भाकरीला तीळ थापतानाच लावायचे, म्हणजे भाजताना झडत नाहीत. लोण्याचा गोळा. न खाई भोगी तो सदा रोगी, म्हणून मी जरा जास्तच निरोगी राहिलो.

संक्रांतीनंतर

बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचंय, त्यामुळे आता सगळं लक्ष दागिन्यांकडे. हलव्याच्या दाण्याला सुई लागत नाही, तो फुटतो. पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवत जायचं. इथे काटा कामाला येतो, गुळगुळीत दाणा गाठीतून निसटतो. बाजूबंद झाले, हार अर्धा झाला. बासरीला पुठ्ठ्याच्या नळीवर सोनेरी कागद आणि त्यावर साबुदाण्याच्या हलव्याचे पदर गुंडाळतोय. तयार दागिने हवाबंद डब्यातच ठेवा. ढगाळ हवा आली की हलव्याला पाणी सुटतं आणि काटे बसतात.

मुकुटाच्या टोकावर लवंगेचा हलवा लावायचा बेत आहे. अडचण अशी की लवंगेच्या दांड्यावर पाक बसतो, पण फुलाजवळ धरत नाही, सुकला की पापुद्रा निघून येतो. लवंग तेलकट असते हे कारण असावं. आत्या म्हणते आधी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळव, ते उद्या करून बघतो. कोणी लवंगेवर हलवा केला असेल तर पहिला हात कसा बसवता ते जरूर सांगा, रथसप्तमीच्या आत.