सा परत जागेवर यायला हवा: पेडल स्टीलच्या स्प्रिंगा जुळवताना

माझ्या पेडल स्टील गिटारची चौथी तार लिव्हरने उतरवून सोडली की पुन्हा मूळ सुरावर यायची नाही. चार-पाच सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खालीच राहायची. ट्यूनरवर पाहिलं तर रेघभर फरक, पण लहानपणापासून तानपुऱ्याच्या आवाजात वाढलेल्या कानाला तो सोसत नाही. त्यात तो लिव्हर इतका जड होता की तासाभराच्या रियाजानंतर माझा डावा गुडघा आतल्या बाजूने ठणकायचा. या दोन्ही दुखण्यांचं मूळ एकाच ठिकाणी होतं, हे समजायला मला तीन रविवार लागले. तेच इथे लिहिते आहे.

हे वाद्य आपल्याकडे फार कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सांगते. बाबांकडे हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार फिरवायचा. विविध भारतीवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना लागायच्या, त्या बाबा तिच्यावर काढायचे. पुढे टेक्सासला आले आणि इथल्या कंट्री संगीतात त्याच गिटारची थोरली बहीण भेटली. तिला चार पाय असतात, खाली पेडल असतात आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लिव्हर. बार जागेवर ठेवून पायाने तार चढवता येते, गुडघ्याने उतरवता येते. बड आयझॅक्स या वादकाने 1950च्या दशकात बार स्थिर ठेवून पेडलने असे सूर वळवले आणि इथल्या वादकांनी आपापल्या गिटारींना पेडल लावून घ्यायला सुरुवात केली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात सरळ मींड ऐकू आली.

माझी गिटार जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, दहा तारांची, ई-नाइन जुळणीची. तीन पेडल, चार लिव्हर. मी ई ला सा मानते. मग जी-शार्प म्हणजे ग, बी म्हणजे प. पहिलं पेडल प चा ध करतं, दुसरं ग चा म. तिसऱ्या पेडलने चौथ्या तारेवरचा सा चढून रे होतो. एका लिव्हरने चौथी आणि आठवी, दोन्ही सा अर्ध्या स्वराने उतरून शुद्ध नि वर येतात, दुसऱ्याने ते अर्धा स्वर चढतात. इथले बरेच वादक जी-शार्पची तार ट्यूनरच्या काट्यापेक्षा थोडी उतरवून जुळवतात. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधारही पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खालचा असतो, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण ग इतका नेमका लावला की हललेला सा लपत नाही. सुरांत लगेच ठोके, म्हणजे न जुळलेल्या दोन सुरांची थरथर, ऐकू येतात.

पहिल्या रविवारी मी चूक केली. लिव्हर जड आहे म्हणजे स्प्रिंग कडक आहे असं धरलं. गिटार उघड्या पेटीत पालथी ठेवली आणि टॉर्च लावून पाहिलं. उजव्या टोकाला चेंजर असतो, तारा तिथे एकेका गोलाकार तुकड्यावरून वळून अडकतात. त्या तुकड्याच्या खालच्या बाजूला कात्रीसारख्या जोडलेल्या दोन पट्ट्या, एक तार चढवणारी, एक उतरवणारी. उतरवणाऱ्या प्रत्येक पट्टीला मागे खेचून धरणारी एक छोटी स्प्रिंग. काही गिटारींत ती स्क्रूने कमी-जास्त करता येते. माझ्या गिटारीत स्प्रिंगचं दुसरं टोक अडकवायला ओळीने तीन भोकं आहेत, जवळचं सैल, लांबचं कडक. चौथ्या आणि आठव्या तारेच्या स्प्रिंगा मधल्या भोकात होत्या. मी दोन्ही जवळच्या भोकात आणल्या.

लिव्हर एकदम हलका झाला आणि मला फार आनंद झाला. तो तिसरं पेडल दाबेपर्यंतच टिकला. चौथी तार रे पर्यंत पोचेचना. पाय तळाला टेकला तरी सूर अर्धवट, पेडल शेवटी शेवटी मऊ लागायचं. मग मी पेडलची ओढ चेंजरपर्यंत नेणाऱ्या सळईच्या टोकावरचा नायलॉनचा नट आवळला. थोडं चढलं, पुरेसं नाही. अजून आवळला. शेवटी रे मिळाला, पण पाय उचलल्यावर सा मूळ जागी बसेना, आता तो वरच राहायला लागला. दोन तास गेले आणि गिटार आधीपेक्षा बिघडली. फार वाईट वाटलं.

ज्यांच्याकडे मी शिकते ते सत्तरी ओलांडलेले वादक आहेत. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, की ट्यूनरकडे बघू नकोस, पेडल दाबताना उतरवणारी पट्टी हलते का ते बघ.

पट्टी हलत होती. पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पेडल निम्म्यावर जाईपर्यंत ती अडणीला, म्हणजे ती जिथे येऊन थांबते त्या टेकूला, टेकून असायची आणि मग तिच्यात आणि अडणीत केसाएवढी फट पडायची. अगदी केसाएवढी, पण तेवढ्यानेच माझा रे हरवत होता.

मग कोडं सुटलं. चढवलेली तार सोडली की स्वतःच्याच ताणाने जागेवर येते, तिला स्प्रिंग लागत नाही. उतरवलेल्या तारेचं उलटं असतं. तिथे तारेचा ताण पट्टीला परत येऊ देत नाही, म्हणून स्प्रिंगने तिला खेचून आणायचं. आणि स्प्रिंगचं दुसरं काम माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तार चढवताना ताण वाढतो आणि तो उतरवणाऱ्या पट्टीला अडणीवरून ओढायला बघतो. तिथे तिला धरून ठेवणारी एकटी स्प्रिंगच. ती सैल असेल तर एका हाताने तार चढवायची आणि दुसऱ्या हाताने उतरवायची असं होतं. म्हणजे स्प्रिंग जितकी सैल तितकी बरी हे खरं, पण चढवताना पट्टी हलणार नाही इथपर्यंतच.

दुसऱ्या रविवारी सगळं पहिल्यापासून. आधी त्या तारांचे नायलॉनचे नट उलटे फिरवून सैल केले, इतके की पेडल सुटं असताना सळई बोटाने किंचित पुढेमागे हलावी. हे आधी करायलाच हवं, नाहीतर नट पट्टीला अडणीवर टेकूच देत नाही आणि दोष स्प्रिंगवर येतो. मग सफाई. चेंजरमध्ये जुनं तेल चिकट होऊन बसलं होतं. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था थेंबाथेंबाने सोडलं, पट्ट्या हलवत राहिले, खाली फडकं काळं होत गेलं. नॅफ्था पटकन पेट घेतं आणि आमच्या गॅरेजात गॅसवरचा वॉटर हीटर आहे, म्हणून हे काम मागच्या अंगणात केलं. नीट सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब. जास्त नाही, तेलावर धूळ बसते. नुसत्या एवढ्यानेच लिव्हर बराच हलका झाला. सा परत येताना चार-पाचऐवजी दोनच सेंट कमी यायला लागला. जडपणातला मोठा वाटा स्प्रिंगचा नव्हता, चिकटलेल्या तेलाचा होता.

स्प्रिंग हलवणं हे नाजूक काम. जागा बोटभर, स्प्रिंगचा आकडा बारीक, पक्कड घातली तर तो वाकतो. आई गेल्या वर्षी इथे सहा महिने राहून गेली, तिची क्रोशाची सुई शिवणाच्या डब्यात होती. तिच्या टोकाचा आकडा स्प्रिंगच्या कडीत असा बसला की जणू त्यासाठीच केलाय. हलकेच ओढायचं, भोकासमोर आणायचं, सोडायचं. ‘टक्’ असा आवाज आला की बसली. डोळ्यांवर चष्मा ठेवा, निसटलेली स्प्रिंग उडते.

एका वेळी एकच स्प्रिंग बदलली आणि दर वेळी पट्टी पाहिली. आठवी तार 0.030 इंचाची, गुंडाळलेली. ती फक्त अर्धा स्वर चढते. जवळच्या भोकातही तिची पट्टी हलेना, म्हणून ती तिथेच ठेवली. चौथी 0.014 ची, साधी, पण तिसऱ्या पेडलने ती पूर्ण स्वर चढते. तिला मधलं भोकही पुरेना. लांबच्या भोकात नेली तेव्हा पट्टी अडणीला घट्ट चिकटून राहिली, पेडल तळापर्यंत दाबलं तरी. एकाच लिव्हरवरच्या दोन तारा, पण एकीला सैल स्प्रिंग आणि दुसरीला कडक. दोघींना एकसारखी स्प्रिंग हवी असं मी उगीचच गृहीत धरलं होतं.

तिसरा रविवार बारीकसारीक कामात गेला. दोन्ही तारा एकदमच उतरायला लागाव्यात म्हणून सळयांमधली ढील जुळवली, नाहीतर लिव्हर दोन टप्प्यांत लागतो. पेडलच्या स्वतःच्या स्प्रिंगांचे स्क्रूही थोडे सैल केले. पहिलं पेडल पूर्ण वर येईना, तेव्हा अर्धा फेरा परत आवळला.

संध्याकाळी तानपुरा ई वर लावला आणि बार तिसऱ्या पडद्यावरही न नेता, मोकळ्या तारेवरच, गुडघ्याने सा वरून नि वर आणि नि वरून परत सा वर, असं कितीतरी वेळ करत राहिले. दर वेळी सा तानपुऱ्याच्या सुरात विरघळून जात होता. ट्यूनरवर अर्ध्या-एक सेंटचा फरक दिसतो, ठोके ऐकू येत नाहीत. गुडघाही दुखला नाही.

सहावी तार राहिली आहे. ती दुसऱ्या पेडलने चढतेही आणि एका लिव्हरने पूर्ण स्वर उतरतेही. तिची पट्टी अजून पाहिलेली नाही. क्रोशाची सुई गिटारच्या पेटीतच ठेवली आहे.