प्रोजेक्टचा कागद हातात आल्याशिवाय लायब्ररीचा तास लावू नका

कॉलेजच्या ग्रंथपालांनी जूनमध्ये प्रवेश झाले की साठ पोरांची रांग कपाटांमधून फिरवून आणायची, याला संदर्भ शोधायला शिकवणं म्हणत नाहीत. पुस्तक किती दिवस मिळतं हे सांगायला सूचनाफलक पुरे. शोधाचा तास प्रोजेक्टचे विषय वाटल्यावर आठ-दहा दिवसांत घ्यावा. त्याआधी पोरांना गरज नसते, आणि जमा करायच्या आठवड्यात ती फक्त झेरॉक्सचं विचारतात.

"मॅडम, उद्या तिसऱ्या तासाला वर्ग पाठवतो" असा शिकवणाऱ्या सरांचा फोन आला की लगेच हो म्हणू नये. आधी प्रोजेक्टच्या सूचनांचा कागद, विषयांची यादी आणि खरी हजेरी (पटावरची नव्हे) मागून घ्या. सर स्वतः तासाला बसणार का, हेही विचारा. ते नसले की मधली सुट्टी होते. शेवटचा तास तर घेऊच नका, चोपडा-यावलची एसटी गाठणारी पोरं दप्तर खांद्याला लावूनच बसतात.

एका कॉम्प्युटरवर दोघं. दहा मशीन असतील तर वीसची तुकडी, म्हणजे साठांच्या वर्गाला तीन तास. ५० मिनिटांतली १० दाखवायला, ३० त्यांच्या हाताने, उरलेली तपासायला. वीस जणांनी एकदम डाउनलोड लावलं की नेट झोपतं, म्हणून दोन-तीन प्रबंध आदल्या दिवशीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा.

उदाहरण यादीतलंच घ्या. समजा विषय आहे 'जळगाव जिल्ह्यातील केळी विपणन'. कॉमर्सचा विद्यार्थी ६३४.७७२ च्या (केळीच्या शेतीचा वर्गांक, म्हणजे पुस्तकावरचा विषयाचा आकडा) कपाटाशी जातो आणि लागवड, खत, ठिबक यांचीच पुस्तकं घेऊन येतो. बाजाराची बाजू अर्थशास्त्रात असते. ड्युईच्या (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) नियमाने ६३४.७७२ मधला ६३ नंतरचा भाग ३३८.१७ ला जोडतात, म्हणून वर्गांक ३३८.१७४७७२. छोट्या ग्रंथालयांत तो बहुधा ३३८.१ वरच तोडलेला असतो, तेव्हा तो अख्खा कप्पा चाळायला लावा. ओपॅकमध्ये (ग्रंथालयाची कॉम्प्युटरवरची पुस्तकसूची) 'केळी', 'केळ', 'बनाना' आणि रोमन लिपीतलं 'keli' असं सगळं टाकून बघायचं, कारण मराठी पुस्तकांची नोंद कुणी कशी केली असेल याचा नेम नाही.

शोधगंगेवर (भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंध प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाइलींत असतो. पोरं पहिली फाइल उतरवतात, तीत निघतं फक्त मुखपृष्ठ. थेट पूर्वसंशोधनाचं प्रकरण आणि संदर्भसूची उघडायला सांगा, पुढचे दहा संदर्भ तिथेच सापडतात. शोधशब्दांत 'जळगाव' असलंच पाहिजे असंही नाही. केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला आहे, तिथलंही बघायला हवं. जुन्या फाँटमधल्या मराठी पीडीएफमध्ये शब्द शोधला तर काहीच मिळत नाही. फाइल बिघडलेली नसते, ती युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसते, एवढंच.

खानदेशात सगळ्यात जास्त घोळ जिल्ह्यांच्या नावांचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा, त्याआधीची आकडेवारी धुळ्यात. त्याही मागे गेलं तर धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, आणि १९०६ च्या आधी दोन्ही मिळून एकच खानदेश. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० चा बारावा खंड त्याच नावाचा आहे. 'नंदुरबार १९७१' असं टाकून "काहीच नाही सर" म्हणणारे दरवर्षी असतातच. ही नावं-सालं फळ्यावर लिहूनच तास सुरू करा.

निघताना प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या: एक पुस्तक वर्गांकासह, एक प्रबंध, एक लेख, आणि कोणते शब्द टाकल्यावर ते मिळाले. ज्यांच्या चिठ्ठीवर दोन रकाने कोरे असतील त्यांची नावं त्याच दिवशी सरांना द्या. विषय बदलायचा तर तो याच आठवड्यात बदलता येतो.