तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतली जातवार बोर्डिंगं

अमेरिकेत विद्यापीठातून शिकून गेलेल्यांचे गट नव्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती नि सल्ला देतात, अशाच एका गटात मी आहे. कोल्हापूरला आलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडं काळ्यांचा माजी विद्यार्थी गट वेगळा, मेक्सिकन मंडळींचा वेगळा, आशियाईंचा वेगळा. मग अमेरिकेत जाऊनही जातवार बोर्डिंगच चालवताय की!"

हो, बरंचसं तसंच. पण कोल्हापूरकरानं तरी नाक मुरडू नये. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू करवलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी रांग लागली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. शाळेत नाव घातलं तरी खेड्यातल्या पोरानं राहायचं कुठं, जेवायचं कुठं, हा प्रश्न होताच.

कॅलिफोर्नियातली अडचण कायद्याची. १९९६ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २०९ हा प्रस्ताव मंजूर केला आणि सरकारी विद्यापीठांना प्रवेश किंवा शिष्यवृत्ती देताना वंश विचारात घ्यायला बंदी झाली. मग जे विद्यापीठाला करता येईना, ते बाहेरच्यांनी करायचं ठरवलं. सॅन डिएगोच्या विद्यापीठात १९८३ पासून काळ्या विद्यार्थ्यांसाठी माजी विद्यार्थ्यांचा निधी होता. तो शहरातल्या एका खासगी फाउंडेशनकडे गेला. २०२५ मध्ये त्यावर खटला झाला, आणि आधार कुठला? काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीला आवर घालायला १८७१ मध्ये केलेला कायदा! वकिलांपुढे हात टेकले. शेवटी निधीचं नाव बदललं आणि तो सगळ्यांसाठी खुला झाला.

तरी पैसा हा यातला सोपा भाग. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की पुष्कळ विद्यापीठं स्वतःची मदत तेवढ्यानं कमी करतात, म्हणजे चेक आमचा आणि फायदा विद्यापीठाचा. पोराच्या हाती काय? म्हणून चेक देण्याआधी विद्यापीठानं पोराला पाठवलेलं मदतीचं पत्र ओळ न ओळ वाचायला आम्ही शिकलो.

खरं काम फोनवर चालतं. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला मुलगा प्राध्यापकांच्या 'ऑफिस अवर्स'ना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेल्या वेळेला, जात नाही. त्याला वाटतं, तिथं फक्त चूक झालेल्यांना बोलावतात. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी पुष्कळदा आदल्या शरद ऋतूतच अर्ज करायचा असतो, हे त्याला घरात कोण सांगणार? त्याच्याच वस्तीतून आलेल्या, दहा वर्षं पुढं असलेल्या ताईनं सांगितलं की तो ऐकतो. मी सांगितलं तर "यस सर" म्हणतो नि विसरतो. वेगवेगळे गट लागतात ते एवढ्यासाठी.

यापुढचा प्रश्न हळू आवाजात येतो, "आमच्या भाच्याला काही मिळेल का?" विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना सरकारी आर्थिक मदत मिळत नाही, आणि आमचा निधीही लहान आहे. पण रेझ्युमे बघायला, मुलाखतीची तालीम घ्यायला माणसं आहेत. त्याला फोन करायला सांगा. तुम्ही त्याच्या वतीनं करू नका.