नॉर्मंडीचा नकाशा: १८ जून १९४४पर्यंत येऊन पोहोचलो

आयएल-२ १९४६ या विमानयुद्धाच्या संगणकीय खेळासाठीचा नॉर्मंडीचा नकाशा निम्म्याच्या पुढे सरकला आहे. "उन्हाळा १९४४" असं मोघम लेबल लावून भागत नाही, म्हणून तारीख पक्की केली: १८ जून. त्या दिवशी ओमाहा किनाऱ्यावरचं अमेरिकन आणि आरोमांशचं ब्रिटिश अशी दोन्ही मलबेरी (जोडून उभारलेली कृत्रिम) बंदरं जागेवर आहेत. १९ तारखेला वादळ सुरू होतं, २२पर्यंत चालतं आणि अमेरिकन बंदर कायमचं निकालात निघतं. बी-२ बाझांव्हील आणि बी-३ सेंत-क्र्वा या तात्पुरत्या धावपट्ट्यांवरून स्पिटफायर उडताहेत, ए-१ सें-पिएर-द्यू-माँ वापरात आहे, आणि काँ शहराजवळचा कार्पिकेचा विमानतळ अजून जर्मनांकडे. सेंत-क्र्वा ते कार्पिके हे अंतर जेमतेम १५-१६ किलोमीटर. चाकं आत गेली की लढाई सुरू! मिशन लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

उंचीचा डेटा २०००च्या शटल रडार मोहिमेचा, म्हणजे एसआरटीएमचा घेतला. त्याचं रिझोल्यूशन साधारण ३० मीटर आणि आपल्या हाइटमॅपचा, म्हणजे खेळातल्या उंचीच्या चित्राचा, एक पिक्सेल २०० मीटरचा. सरसकट सरासरी काढली की प्वांत द्यू ऑकचा ३० मीटरचा उभा कडा घसरगुंडी होऊन बसतो. त्यामुळे किनाऱ्याचे पिक्सेल हाताने रंगवतोय: पाण्याला लागून असलेल्या पहिल्याच पिक्सेलला कड्याची पूर्ण उंची. उतार तरीही राहतोच, पण समुद्रावरून खालून येताना कडा अंगावर आल्यासारखा वाटतो.

दुसरी भानगड जंगलांची. हे रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पोहोचत नाही, वरच्या फांद्यांवरूनच परत फिरतं. बायो आणि सें-लोच्या मधलं सरीझीचं जंगल म्हणूनच डेटामध्ये पठारासारखं वर उचललेलं दिसतं. त्यावर खेळातली झाडं ठेवली की झाडांची उंची दोनदा मोजली जाते. जंगलाची हद्द आखून आतली उंची सरळ खाली ओढायची, हाच उपाय.

जुने नकाशे बसवणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. दोस्त राष्ट्रांच्या जीएसजीएस ४२५० या लष्करी नकाशांच्या मालिकेच्या १:५०,००० पत्रकांवर जी ग्रिड आहे ती 'नोर द गेर' लँबर्ट (एक फ्रेंच नकाशा-प्रक्षेपण). क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ईपीएसजी २७५०० या क्रमांकाने मिळते. ती निवडा आणि ग्रिडच्या रेघा जिथे छेदतात तेच बिंदू पकडा. चर्च, चौक, पूल पकडत बसू नका. युद्धानंतर गावंच्या गावं नव्याने बांधली आहेत. फ्रेंच पत्रकं वापरणार असाल तर कडेचे आकडे अंश समजून टाकू नका. ते ग्रॅडमध्ये असतात (१ ग्रॅड म्हणजे ०.९ अंश) आणि मोजणी पॅरिसच्या रेखावृत्तापासून, जे ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंदांवर आहे.

सगळ्यात जास्त वेळ पाणी खातंय. जर्मनांनी काराँताँजवळच्या ला बार्केतच्या जलद्वारांचा उपयोग करून दूव्ह आणि मेर्दरे या नद्यांची खोरी बुडवली होती. पूर्वेला दीव्ह नदीचं खोरंही पाण्याखाली. आजच्या उपग्रह चित्रात तिथे हिरवी कुरणं दिसतात. पण मेर्दरेचं सगळं पाणी निळं रंगवणंही बरोबर नाही. तिथे पाण्यातून गवत वर आलं होतं, म्हणून हवाई छायाचित्रांत पुराचा खरा पसारा कळला नव्हता आणि छत्रीधारी सैनिक थेट पाण्यात उतरले. वैमानिकाला जे दिसत नव्हतं ते आपण ठळक दाखवायचं कशाला? म्हणून मेर्दरेत मधली धार तेवढी पाण्याची, बाकीला ओलसर, काळपट हिरवं टेक्स्चर. दीव्हला मात्र मोकळं पाणी दिलंय.

भरती-ओहोटी खेळाच्या इंजिनात नाहीच. ओमाहाला ओहोटीच्या वेळी सुमारे ३०० मीटर वाळू उघडी पडते आणि पाण्याचा थर ५० मीटरला एक पिक्सेल, म्हणजे सहा पिक्सेलांचा खेळ. मी तीन वाळूला दिले, तीन समुद्राला. बंदरांच्या ऑब्जेक्टना तळ आणि तरंगते पूल जुळवायला हेच सोयीचं पडलं.

शेतांचं टेक्स्चर दोन जातींचं हवं. पश्चिमेला बोकाज: मातीचे बांध, त्यावर दाट कुंपण, चिंचोळी शेतं. काँच्या भोवती उघडं सपाट माळरान. दोस्तांच्या हवाई दलांचा डोळा काँच्या आग्नेयेकडच्या जमिनीवर होता तो याच कारणाने, धावपट्ट्या आखायला तीच सोपी. हा फरक आठ हजार फुटांवरून दिसलाच पाहिजे. आजची चित्रं इथे फसवतात, कारण युद्धानंतर शेतजमिनींच्या एकत्रीकरणात अनेक कुंपणं गेली. आयजीएन या फ्रेंच नकाशा संस्थेची १९४७च्या आसपासची हवाई छायाचित्रं त्यासाठी सोनं आहेत.

युद्धानंतरचं खोडण्याचं काम किरकोळ: ए-१३ महामार्ग, काँचा रिंगरोड, १९५९चा तांकार्व्हीलचा पूल, १९९५चा पाँ द नॉर्मंडी पूल.

धावपट्ट्यांचा रंग बदललाय. गवताच्या हिरव्या टाइल आधी छान दिसत होत्या, पण जूनमधल्या त्या पट्ट्या धुळीने माखलेल्या होत्या. टायफून या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या सेबर इंजिनांत ती धूळ शिरून इतकी वाट लागली की हवा आत घेण्याच्या तोंडावर घाईघाईने फिल्टर बसवावे लागले. आता फिकट पिवळसर माती आणि कडांना थोडं गवत. धुळीचा इफेक्ट टाकून पाहिला. आठ विमानं एकदम धावली की फ्रेमरेट जमिनीला टेकतो. तूर्तास बंद.

मिशन लिहिणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावं. दोस्तांच्या नोंदी दुहेरी ब्रिटिश उन्हाळी वेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या दोन तास पुढे असतात. ६ जूनचा, म्हणजे दोस्तांचं सैन्य उतरलं त्या दिवसाचा, सूर्योदय त्यांच्या हिशेबाने ५:५८चा. खेळाचं घड्याळ सूर्याप्रमाणे चालतं, तेव्हा नोंदीतला आकडा जसाच्या तसा टाकलात तर पहाटेचा हल्ला लख्ख उन्हात होईल. दोन तास वजा करून घ्या.

आता काँ शहर उरलंय. १८ जूनला ते बरंच मोडलेलं आहे, पण ७ जुलैचा मोठा बॉम्बहल्ला अजून व्हायचा आहे. त्यामुळे पूर्ण ढिगारा चालणार नाही. धड आणि पडक्या इमारती गल्लीगणिक मिसळाव्या लागतील. सें-पिएर चर्चचा उंच मनोरा मात्र ठेवत नाही, तो ९ जूनलाच रॉडनी युद्धनौकेच्या गोळ्याने पडला. पडक्या फ्रेंच घरांचे हलके, कमी पॉलिगॉनचे मॉडेल कुणाकडे असतील तर कळवा, माझ्याकडची सगळी रशियन लाकडी घरं आहेत.