तुम्ही विचारलंत म्हणून: ही पैरवी की दलाली?

बौद्धिक संपदेच्या संरक्षणासाठी उद्योगांच्या वतीने पैरवी करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे कंपन्यांची दलालीच ना? पेटंट म्हणजे काय हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं, ते सोडतो. पैसे सभासद कंपन्या देतात, हेही लपवत नाही. पण मग ते पैसे घेऊन करतात काय, हे कोणी विचारत नाही.

मंत्र्यांच्या दालनात चहा पिणं नव्हे. बहुतेक वेळ एखाद्या नियमाच्या एका ओळीवर जातो. आपल्याकडे पेटंटचा भारतात वापर होतो की नाही, याचं विवरण फॉर्म 27 मध्ये दरवर्षी द्यावं लागे. ऑगस्ट 2023 मध्ये दुरुस्तीचा मसुदा राजपत्रात आला, हरकती-सूचनांना 30 दिवस मिळाले आणि मार्च 2024 पासून ते विवरण तीन आर्थिक वर्षांतून एकदा झालं. अशा 30 दिवसांत 'नियम जाचक आहे' एवढंच कळवलं तर ते पत्र फायलीला लागतं आणि तिथेच राहतं. नियमाचा क्रमांक, आजचे शब्द, त्यांच्या जागी हवे असलेले शब्द, आणि बदलाने कोणाचं काय बिघडेल, असे चार रकाने भरले तर अधिकाऱ्याला मजकूर उचलून वापरता येतो. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. फॉर्म 27 च्या बाबतीत त्यात लिहिण्यासारखं होतं: सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही तो माल बनवण्याची सरकारी परवानगी, मागणाऱ्याला याच विवरणाचा आधार असतो. 2012 मध्ये नेक्साव्हर या कर्करोगाच्या औषधावर तसा परवाना दिला गेला, तेव्हा हीच विवरणं तपासली गेली होती.

जगभरातली पैरवी बरीचशी वॉशिंग्टनमधून फिरते. 1988 मध्ये अमेरिकेच्या व्यापार कायद्यात घातलेल्या तरतुदीनुसार तिथला व्यापार प्रतिनिधी दरवर्षी 'स्पेशल 301' अहवाल काढतो: कोणता देश बौद्धिक संपदा नीट जपत नाही, याची यादी. साधारण डिसेंबरात नोटीस, जानेवारीत लेखी म्हणणं, फेब्रुवारीत सुनावणी, एप्रिलअखेर अहवाल. त्यात भारत वर्षानुवर्षं 'प्रायॉरिटी वॉच लिस्ट'वर, म्हणजे साध्या 'वॉच लिस्ट'पेक्षा कडक यादीवर. एका देशाने बाकीच्यांचे निकाल लावायचे हे भारताला मान्य नाही, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. तरी म्हणणं मांडावं लागतं, कारण विरुद्ध बाजू मांडतेच. निवेदनात गोपनीय मजकूर असेल तर दोन प्रती: गोपनीय प्रतीच्या फाइलचं नाव 'बीसी'ने सुरू, जाहीर प्रतीचं 'पी'ने. यात घोळ झाला तर गुपित जगजाहीर.

सगळ्यात जास्त घोळ मात्र आकड्यांचा. जप्त मालाला छापील किंमतीने गुणायचं आणि त्याला 'नुकसान' म्हणायचं! नकली घेणारा प्रत्येक जण अस्सल घेणारच होता, हे गृहीत. 2010 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सरकारी म्हणून फिरणारे नुकसानीचे तीन मोठे अंदाज तपासले. एकालाही आधार सापडला नाही. असा आकडा निवेदनात टाकला की उरलेल्या खऱ्या परिच्छेदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता दक्षिण आफ्रिका. तुम्ही विचारता त्याचं मूळ तिथे आहे, हे मला कळतं.

1997 मध्ये तिथे औषध कायद्यात कलम 15सी आलं. पेटंटचं औषध दुसऱ्या देशात स्वस्त मिळत असेल तर तिथून आणता यावं, म्हणून. फेब्रुवारी 1998 मध्ये तिथल्या औषध उत्पादकांची संघटना आणि कंपन्या प्रिटोरियाच्या कोर्टात गेल्या. शेवटी कंपन्या 39 होत्या आणि पहिले प्रतिवादी राष्ट्राध्यक्ष, म्हणजे त्या वेळी मंडेला. देशात एड्सने माणसं मरत होती. दरम्यान वॉशिंग्टननेही दक्षिण आफ्रिकेला वॉच लिस्टवर घातलं. डिसेंबर 1999 मध्ये काढलं. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने एड्सवरचा तीन औषधांचा उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेला माणशी वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. श्रीमंत देशांत तो 10 ते 15 हजार डॉलरला पडत होता. मार्चमध्ये सुनावणी लागली आणि कोर्टाने 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन' या रुग्णांच्या संघटनेलाही बाजू मांडू दिली. म्हणजे आता किंमत कशी ठरते, संशोधनाला किती लागतं, याची उत्तरं कंपन्यांना द्यावी लागणार होती. त्यांनी मुदत मागितली. 19 एप्रिलला खटला मागे घेतला.

मी बरीच वर्षं म्हणत आलो की तिथे चुकला तो प्रचार, कायद्याचा मुद्दा खरा होता. मंत्र्याला इतका मोकळा हात देणारं कलम कोणत्या उद्योगाने मुकाट मान्य केलं असतं? पण ज्या शब्दांवर सर्वाधिक गदारोळ झाला, ते जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्याच तज्ज्ञ समितीच्या मसुद्यावर बेतलेले निघाले. तीन वर्षं वकील पोसले, आणि मजकूर कुठून आला हे नीट पाहिलं गेलं नाही. मग 'कायद्याचा मुद्दा खरा' हे मी कशाच्या जोरावर म्हणत होतो?

2001 च्याच नोव्हेंबरात जागतिक व्यापार संघटनेचा दोहा जाहीरनामा आला: ट्रिप्स, म्हणजे तिचा बौद्धिक संपदेचा करार, सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये. पेटंटविरोधकांना एकट्याने जे जमलं नसतं ते या खटल्याने करून दिलं. हे ऐकून पेटंटवाले सभासद माझ्यावर चिडतात. जेनेरिकवाले, म्हणजे पेटंट नसलेली स्वस्त औषधं बनवणारे, खूश होतात, पण आपल्या ब्रँडची नक्कल बाजारात आली की तेच आधी फोन करतात.

तरी मोकळा हात देणाऱ्या कलमावर हरकत घेऊच नये का? घ्यावी असं मला अजून वाटतं. पण 15सीवर मी हरकत लिहिली असती तर चौथ्या रकान्यात काय भरलं असतं, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.