तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्पेनसाठी सोर्सबुक कोणतं घ्यावं?

"रूलबुक आहे, मिनिएचर रंगवून झाली, आता कॅम्पेन खेळायचंय. सोर्सबुक कोणतं घेऊ?" पेणपासून चिपळूणपर्यंत ज्याला म्हणून टेबलावर छोट्या प्रतिकृतींनी (मिनिएचर) युद्धं खेळायच्या छंदाने धरलंय, तो मला केव्हा ना केव्हा हे विचारतोच. मी अलिबागजवळ थळला राहतो, विज्ञानकथांतली युद्धं टेबलावर खेळतो आणि सोर्सबुकं कादंबरीसारखी वाचून काढतो. म्हणून एकदा नीट उत्तर देतो. कॅम्पेन म्हणजे एकमेकींशी जोडलेल्या लढायांची मोहीम, आणि सोर्सबुक म्हणजे खेळातल्या काल्पनिक जगाची माहिती देणारं पुस्तक.

पुस्तक हातात आलं की शस्त्रांची पानं सरळ उलटून पुढे जा. दोन लढायांच्या मधल्या काळाबद्दल त्यात काय लिहिलंय ते आधी शोधा. मोडलेलं जहाज कुठे दुरुस्त होतं? दारूगोळा कुठून येतो आणि त्याला किती वेळ लागतो? एक ग्रह पडल्याची बातमी शेजारच्या ग्रहावर कधी पोचते? हे सापडलं तर पुस्तक घ्या. नुसती नव्या रणगाड्यांची यादी असेल, तर या रविवारी एक लढाई खेळाल, पुढच्या रविवारी दुसरी, आणि पहिलीत कोण हरलं याचं दुसरीत कुणाला काही देणंघेणं नसेल.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ट्रॅव्हलरने. १९७७ साली आलेला हा मुळात रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ, पण त्याचे नकाशे ताफ्यांच्या युद्धासाठी अप्रतिम आहेत. नकाशावरचा एक षटकोन म्हणजे एक पार्सेक, सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारी जहाजाची उडी लहान असो की मोठी, तिला साधारण आठवडा लागतो. आणि जहाजापेक्षा वेगाने जाणारा संदेश तिथे नाहीच. म्हणजे सरदाराने धाडलेला हुकूम सीमेवर पोचेपर्यंत तिथली परिस्थिती पार बदललेली असते. प्रत्येक ग्रहाच्या बंदराला एक अक्षर असतं: ए म्हणजे तारकाजहाजं बांधणारी गोदी, सी म्हणजे बऱ्यापैकी दुरुस्ती, ई म्हणजे उतरायला नुसती मोकळी जागा. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत आंग्र्यांची गोदी होती हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे अक्षर किती मोलाचं ते सांगायला नको. ए अक्षराचा एकच ग्रह असलेल्या भागात सगळी मोहीम त्या ग्रहाभोवती फिरते.

बॅटलटेक हा अवाढव्य चालत्या युद्धयंत्रांचा खेळ १९८४ मध्ये आला, तेव्हा त्याचं नाव बॅटलड्रॉइड्स होतं. त्यातलं जंपशिप, म्हणजे ताऱ्यांमध्ये उडी मारणारं जहाज, एका उडीत जास्तीत जास्त ३० प्रकाशवर्षं जातं आणि मग ताऱ्याच्या उजेडात भलंमोठं शीड पसरून इंजिन भरत बसतं, बहुधा आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त. ही जहाजं नव्याने बांधणं इतकं दुर्मीळ झालेलं असतं की शत्रूही त्यांच्यावर तोफ डागायला कचरतो. आत माणूस बसून चालवतो त्या युद्धयंत्राचा तुटलेला हातसुद्धा रणांगणातून ओढून न्यावा लागतो, कारण सुटे भाग मिळत नाहीत. एवढ्या दोन-तीन गोष्टींवर मोहीम उभी राहते.

आता आमच्या घरची मोहीम सांगतो, कारण सोर्सबुक कसं वापरायचं ते तिच्यावरून कळेल. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी दोन्ही दिसतात. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो रोखायला जहाजं पाठवली. पुढे सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून किनारा ते बेट अशा ये-जा करत राहिल्या, सामान पोचत राहिलं आणि बांधकाम चालू राहिलं. इंग्रजांना ते थांबवता आलं नाही. पुढे सिद्दीने शेजारची उंदेरी धरली, आणि समोरासमोर दोन वैरी ठाण मांडून बसले.

आम्ही याचे एका वायुमय महाग्रहाचे दोन चंद्र केले. ग्रहाच्या सावलीत चंद्र गेला की रात्र. बचाव करणारा दर फेरीला चिठ्ठीवर गुपचूप लिहितो: किती होड्या, कोणती वाट, आत दारूगोळा की तटाचं सामान. हल्ला करणाराही गस्त कुठे ते लिहितो. दोघांच्या चिठ्ठ्या एका वाटेवर पडल्या तरच मिनिएचर टेबलावर येतात. तट पुरा झाला की वेढा घालणाऱ्याला दुप्पट बळ लागतं. इंधनाचे आणि दुरुस्तीचे नियम ट्रॅव्हलरमधून उचलले, लढाईचे फुल थ्रस्ट या अवकाशजहाजांच्या लढाईच्या खेळाचे. आमच्यातले दोघे कोळीवाड्यातले. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "भरती-ओहोटी कुठाय?" कुठल्याच पुस्तकात ती नव्हती. मग चंद्रांमधलं अंतर दर फेरीला कमी-जास्त होईल असं ठरवलं आणि मोहीम एकदम जिवंत झाली. पावसाळ्यात पूर्वी गलबतं नांगरून ठेवत, म्हणून सौरवादळाच्या फेऱ्याही घातल्या. त्या फेऱ्यांत कुणी हलत नाही, फक्त दुरुस्ती होते आणि तह होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना खेळायला सवड असते.

वॉरहॅमर ४०,००० या मिनिएचरच्या खेळाबद्दल बरेच जण विचारतात. १९८७ च्या पहिल्या आवृत्तीत गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा पंच, धरलेला होता, कथानक रचण्यावर भर होता. २०२० च्या आवृत्तीतली क्रूसेड पद्धत तुकड्यांना अनुभव देते, जखमांच्या खुणाही देते. तुकडीवर जीव जडवायला ती उत्तम आहे. नकाशा आणि रसद मात्र तुम्हाला दुसरीकडून आणावी लागेल.

मोहिमेतल्या माणसांचे स्वभाव ठरवायला टोनी बाथ या जुन्या वॉरगेमरला वाचा. त्यांचं मोहिमा रचण्यावरचं पुस्तक १९७३ चं, आणि त्यात विज्ञानकथा नाही. पण काल्पनिक खंडातल्या प्रत्येक सेनापतीचा स्वभाव ते पत्ते काढून ठरवत. ते तसंच्या तसं अवकाशात चालतं. आमच्या उंदेरीच्या सरदाराला पत्त्यांनी लोभी ठरवलं, आणि एका फेरीत पैसे घेऊन त्याने दोन होड्या सोडून दिल्या.

पैसे घालवण्याआधी फुल थ्रस्टची जुनी रूलबुकं उतरवून घ्या. ग्राउंड झीरो गेम्सने ती पीडीएफ म्हणून मोफत ठेवली आहेत. मग एकच सोर्सबुक विकत घ्या, नकाशा असलेलं. त्यातले फार तर दहा-बारा ग्रह निवडा आणि चिठ्ठ्या गोळा करायला असा माणूस नेमा जो स्वतः कुठल्याच बाजूने खेळत नाही.