प्राण्यांच्या छळाची तक्रार घ्यायची कुणी? माझा अनुभव

"मॅडम, हे अदखलपात्र आहे. एनसी, म्हणजे नुसती नोंद, करून देतो, पुढचं तुम्ही कोर्टात बघा." ठाणे अंमलदार सौजन्यानं बोलत होते, आणि कायद्याच्या हिशेबानं त्यांचं चूकही नव्हतं.

तक्रार होती एका बांधकामावर विटा वाहणाऱ्या गाढवाची. पाठीच्या कण्यावर तळहाताएवढी जखम, तिच्यावर गोणपाट आणि त्यावर विटा. विटा उतरवून गोणपाट काढताना जखमेला चिकटलेला भाग सोलून निघायचा आणि ते जनावर जागच्या जागी थरथरायचं. पुढचा एक पाय तर ते नीट टेकतच नव्हतं. मी विटा मोजल्या. एक वीट अडीच किलोची धरली तरी ओझं ऐंशी किलोंच्या वर जात होतं. ओझेवाहू जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. त्यांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो ओझं घालता येतं. तापमान 37 अंशांच्या वर जातं तिथे दुपारी 12 ते 3 या वेळेत कामाला लावायलाही मनाई आहे. मी हे सगळं पाहिलं ते भर उन्हाळ्यातल्या दुपारी.

मालकाशी आधी बोलले. वयानं मोठे होते, चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, खेपेवर पैसे मिळतात. कमी विटा घातल्या तर मुकादम उद्या दुसऱ्याला बोलावतो." हे वाक्य नंतर प्रत्येक टेबलासमोर मला आठवत होतं.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा आहे. जखमी जनावराला कामाला लावणं, जादा ओझं लादणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीला बांधून ठेवणं हे सगळं कलम 11 नुसार गुन्हा आहे. पण यातलं जवळपास सगळंच अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. जनावर मेलं किंवा कायमचं जायबंदी झालं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. थोडक्यात, जीव वाचण्यासारखा असतो तोवर पोलिसांचे हात बांधलेले, आणि तो गेला की मोकळे. मला याचा मनापासून संताप येतो.

एनसीची प्रत घेऊन मी पालिकेत गेले. तिथे कळलं की त्यांच्याकडे फक्त भटकी कुत्री आणि मोकाट जनावरं येतात, मालकीच्या जनावराचा विषय पोलिसांचा. पशुसंवर्धन खात्यात सांगितलं, "आम्ही उपचार करतो, कारवाई नाही." तिथूनच जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचं नाव मिळालं. 2001 च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था असायलाच हवी. मी विचारलं, कार्यालय कुठे? कुणाला सांगता येईना. 'समितीकडे द्या' असं सांगणारा प्रत्येक जण प्रामाणिकपणे मदत करत होता, फक्त समिती कुणी पाहिलेली नव्हती.

वाट सापडली ती कलम 34 मुळे. गुन्हा घडतोय असं मानायला कारण असेल, तर शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. मी नवा अर्ज लिहिला. त्यात कलम 11, कलम 34 आणि 1965 चे नियम स्पष्ट घातले, तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडले आणि आवक शिक्क्याची पोच मागितली. अर्जात नुसतं 'क्रूरता' लिहिलं की कागद फाईलला लागतो, कलम लिहिलं की कुणाला तरी त्यावर शेरा मारावा लागतो. एका तरुण उपनिरीक्षकांनी कलम स्वतः वाचलं आणि म्हणाल्या, "हे करता येतं की." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर गेल्या.

डॉक्टरांनी पंचांसमोर तपासणी केली. जखमेत किडे, खूर वाढून फाटलेला, कामास अयोग्य. त्या एका पानी दाखल्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. दंडाधिकाऱ्यांनी तपासाची परवानगी दिली. जनावराचा प्रश्न 2017 च्या नियमांमुळे सुटला: खटला चालू असेपर्यंत मुद्देमालातलं जनावर पांजरपोळात किंवा अशाच संस्थेत ठेवता येतं. खटला दाखल करायला मुदत असते तीन महिन्यांची, कलम 36 प्रमाणे. आधीच्या टोलवाटोलवीत त्यातला बराच काळ गेला होता.

मालकांनी गुन्हा कबूल केला आणि पन्नास रुपये भरले. मुकादमाला आणि ठेकेदाराला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला यात न्याय दिसत नाही. दंड वाढायलाच हवा, सर्वोच्च न्यायालयानंही 2014 च्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरच्या निकालात संसदेकडून ती अपेक्षा व्यक्त केली होती. पण ज्याच्या सांगण्यावरून ओझं लादलं जातं त्याच्यापर्यंत पोचायचं, तर साक्षी घेणारा, हजेरीपुस्तक मागवणारा माणूस लागतो. ते काम पोलिसांचंच. प्राणीमित्र संस्थांकडे माया आहे, तपासाचे अधिकार नाहीत. डॉक्टर जखम सांगतील, जखम कुणामुळे झाली ते शोधायला जाणार नाहीत. न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं एक खाजगी संस्था हे गुन्हे हाताळायची, 2014 पासून ते शहराच्या पोलिसांकडे गेले. नेदरलँड्समध्ये प्राण्यांच्या तक्रारींसाठी 144 हा वेगळा क्रमांक आहे आणि पोलिसांत त्यासाठी प्रशिक्षित माणसं आहेत. आपल्याकडे किमान कलम 11 चे गुन्हे दखलपात्र करावेत, आणि प्रत्येक ठाण्यात या कामासाठी नेमलेल्या एका अधिकाऱ्याचं नाव फलकावर असावं. समित्या हव्यात, पण पोलिसांच्या मदतीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मी माहितीच्या अधिकारात मागितली. उत्तर आलं, 'समितीची पुनर्रचना प्रक्रियाधीन आहे.' मी अपील केलं आहे. सोबत ठेकेदाराविरुद्धचा अर्जही पुन्हा दिला आहे, कारण त्या बांधकामावर आता दुसरी गाढवं आहेत.